मुद्दाम नाही करत तो

कन्हेरीचा मारुती उभ्या महाराष्ट्राला माहीत झाला तो निवडणुकांमुळे. बारामतीच्या पवारांच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं याच देवळात फुटत आला. त्या दिवशी गाड्यांची रीघ लागते, कॅमेरे येतात, आणि दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा आपल्या उसाकडे आणि दुधाकडे वळतं. एरवी या मारुतीचं काम गावोगावच्या मारुतीचं असतं तेच. अंधारात एकटं जायला घाबरणाऱ्या, परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणाऱ्या पोरांना धीर द्यायचं. "मारुतीचं नाव घे, काही होत नाही," असं सांगणाऱ्या आजीला मज्जासंस्थेतलं काही ठाऊक नसतं. पण तिचा उपाय अगदीच हवेतला नाही. ते पुढे सांगतो.

आधी दुसऱ्या एका वाक्याबद्दल. "मुद्दाम करतो तो." जेवताना ताट सरकवलं, दुकानात लोळण घेतली, भावाला बोचकारलं, वही टराटरा फाडली, की हा निकाल घरोघरी ठरलेला असतो. शाळेत तर जास्तच. पाच-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मूल मुद्दाम काहीच करत नाही असं नाही. करतं, आणि करताना डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे बघतंही. पण ज्या वागण्याने आपलं डोकं खरोखर फिरतं, ते वागणं ठरवून केलेलं क्वचितच असतं.

पहिलीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. सहा वर्षांचा मुलगा ओळीत बसून अक्षर गिरवतोय. सकाळी चहा-बटर खाऊन आलाय, रात्री उशिरापर्यंत घरात टीव्ही चालू होता. शेजारचा त्याची पेन्सिल ओढतो. पुढच्या काही क्षणांत काय होतं? कानशिलाच्या आत खोलवर अमिग्डाला नावाचा छोटासा भाग असतो. धोका हुंगणं हे त्याचं काम. पेन्सिल ओढली गेली की हल्ला झाला, याची शहानिशा करायला तो थांबत नाही. त्याचा इशारा हायपोथॅलॅमसला जातो, तिथून पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवाटे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना, आणि रक्तात अॅड्रिनॅलिन उतरतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पोटाचं काम थांबतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं, बाहुल्या मोठ्या होतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या पुस्तकात हे सगळं मांडलं. लढा नाहीतर पळा, अशी ही शरीराची तयारी. काही मुलं तिसरंच करतात, जागच्या जागी थिजतात. बाईंना वाटतं, केवढं शहाणं मूल! प्रत्यक्षात तेही तितकंच घाबरलेलं असतं.

आपला मुलगा लढणाऱ्यांतला. तो शेजाऱ्याच्या दंडाला कडकडून चावतो.

आता बाई विचारतात, "का चावलास? बोल!" तो म्हणतो, "माहीत नाही." हे उत्तर उद्धटपणाचं वाटतं, पण ते शब्दशः खरं आहे. कारण शोधणं, परिणाम ओळखणं, हात आवरणं ही कामं कपाळामागच्या मेंदूची. जन्मताना मेंदूचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम असतं, मोठ्या माणसाचं साधारण तेराशे-चौदाशे. सहाव्या वर्षापर्यंत आकाराने मेंदू जवळपास पूर्ण वाढलेला असतो. पण कपाळामागच्या भागाची जोडणी पंचविशीपर्यंत चालूच राहते. म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर उतारावर सोडलाय आणि ब्रेकचं काम अजून गॅरेजमध्ये चालू आहे, अशी सहा वर्षांच्या मुलाची अवस्था. त्यात वरून आवाज चढवला, की अमिग्डालाला दुसरा धोका दिसतो आणि उरलासुरला विचारही बंद पडतो.

"आम्ही मार खाऊनच मोठे झालो," असं म्हणणारे वाचक असतील. झालात, हे खरं. माराने मूल गप्प होतं हेही खरं. पण गप्प होणं म्हणजे शांत होणं नव्हे. आतली धडधड तशीच चालू असते आणि शिकलेली गोष्ट एवढीच असते की या माणसासमोर करायचं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, तेव्हा गुरुजींचे हात बांधले म्हणून ओरड झाली. शिस्त नको असं कुणीच म्हणत नाही. चावायचं नाही, हा नियम राहणारच. प्रश्न क्रमाचा आहे. आधी अंग शांत, मग नियम. उलट्या क्रमाने सांगितलेलं डोक्यात शिरत नाही.

अंग शांत कसं होतं, याची गोष्ट मोठी सुरस आहे. मेंदूच्या देठातून निघून मान, छाती, पोट असा लांब प्रवास करणारी व्हेगस नावाची एक नस आहे. १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाचं धडधडतं हृदय द्रावणात ठेवलं आणि त्याची व्हेगस नस विजेने चेतवली. ठोके मंदावले. मग ते द्रावण त्याने दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घातलं, ज्याच्या नसेला हातही लावला नव्हता. तेही मंदावलं. म्हणजे नस हृदयाशी रसायनाच्या मार्फत बोलते. हा प्रयोग आपल्याला स्वप्नात सुचला, असं लोवी सांगत असे. ते रसायन म्हणजे अॅसिटिलकोलीन. १९३६ चं नोबेल त्याला हेन्री डेलबरोबर मिळालं. या रसायनाचं नाव लक्षात ठेवा. कन्हेरीच्या आसपासच्या शेतात ते पुन्हा भेटणार आहे.

श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगसच्या जोरावर उतरतात. म्हणून लांब, सावकाश उच्छ्वासाने धडधड कमी होते. आणि संध्याकाळी दिव्यापुढे भीमरूपी किंवा रामरक्षा एका सुरात म्हणायची तर दुसरं काय होतं? एका श्वासात ओळ पुरी करावी लागते, उच्छ्वास आपोआप लांबतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवलं, की जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो की आपल्याकडचा मंत्र, म्हणणाऱ्याचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. तो अभ्यास मोठ्या माणसांवरचा होता आणि त्यातून स्तोत्राचा चमत्कार सिद्ध होत नाही. पण आजीला तेवढं श्रेय द्यायला हरकत नाही. आजकाल मोबाइलवर 'व्हेगस जागी करा' म्हणून हजारोंचे कोर्स विकणारे महाभाग आहेत. त्यांच्यापेक्षा आजी स्वस्त आणि जास्त प्रामाणिक.

शिवाय ती जवळ बसते. हा भाग स्तोत्राहून मोठा. तान्ह्या मुलाला स्वतःला शांत करता येतच नाही. ते दुसऱ्याच्या अंगाच्या उबेने, आवाजाने, झोक्याने शांत होतं. असं हजारो वेळा झाल्यावर त्याच्या मेंदूत ती वाट पडते. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना दोन-तीन मिनिटं बाळासमोर निर्विकार चेहरा करून बसायला सांगितलं. बाळं आधी हसली, हात पुढे केले, आवाज काढले, मग तोंड फिरवून कोलमडली. तेव्हा तो प्रयोग होता. आता हातात मोबाइल धरून आपण तो रोज करतो.

इथवरचं बोलणं पुण्या-मुंबईच्या पालक-कार्यशाळांमध्येही ऐकायला मिळतं. तिथे न येणारी बाब अशी, की मज्जासंस्था हा शरीराचाच भाग आहे. ती अन्नावर, झोपेवर आणि हवापाण्यावर चालते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांच्या वाढीची नोंद पुढे चालूच ठेवली. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर असं दिसलं, की गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होतं त्यांची मुलं सलग लक्ष देण्याच्या आणि आकडे उलट्या क्रमाने सांगण्याच्या चाचणीत मागे पडली. बुद्धिमत्तेच्या सर्वसाधारण चाचणीत मात्र फरक नव्हता. म्हणजे मूल हुशार, पण 'लक्षच देत नाही'. बी-१२ मज्जातंतूंवरच्या आवरणाला लागतं आणि ते दूध, अंडी, मांस-मासळीतूनच मिळतं. बारामती-इंदापूर हा दुधाचा मुलूख. पण सकाळच्या धारेतलं दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं आणि गरोदर सुनेच्या वाट्याला चहापुरतं उरतं, हे कितीतरी घरांत दिसतं. लोहाचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. लोह कमी असलेलं मूल किरकिरं, चिकटणारं, पटकन दमणारं असतं. त्याला आपण 'रडका' म्हणतो.

आता ते अॅसिटिलकोलीन. मज्जातंतूने सोडलेलं हे रसायन काम झाल्यावर पुसून टाकायला शरीरात एक विकर (एन्झाइम) असतं. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं नेमकं ते विकर बंद पाडतात. किडा मरतो तो त्यानेच. किड्याचं आणि माणसाचं हे रसायन एकच, हे आपण सोयीस्कर विसरतो. हुमणीसाठी, वाळवीसाठी उसाच्या सरीत, शिवाय डाळिंबा-द्राक्षांवर ही औषधं वर्षानुवर्षं पडली. जे थायमेट घराघरात होतं, ते म्हणजे फोरेट, याच जातीतलं. त्यावर ३१ डिसेंबर २०२० नंतर पूर्ण बंदी आली. क्लोरपायरिफॉस मात्र त्यानंतरही विकलं जात राहिलं. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात शेतमजूर स्त्रियांच्या मुलांचा १९९९ पासून अभ्यास चालू आहे. गरोदरपणी ज्यांच्या लघवीत या औषधांचे अंश जास्त, त्यांच्या मुलांत पाचव्या वर्षी चंचलपणा जास्त आणि सातव्या वर्षी बुद्ध्यांक कमी आढळला. हे केवळ या एकाच कारणाने झालं, असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. पण पंपाच्या टाकीशेजारी मूल खेळू न देणं, औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी न भरणं, फवारणीचे कपडे वेगळे धुणं, एवढ्यासाठी आणखी पुराव्याची वाट बघायची गरज नाही.

झोपेचं सांगायचं तर कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, जावं लागेल. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने धुराडी पेटवतात आणि बीड-नगरकडच्या ऊसतोड टोळ्या या भागात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायची म्हणून पहाटे तीन-चारला फडात. कोपीत मागे राहते ती सात-आठ वर्षांची पोर आणि तिच्या कडेवरचा भाऊ. आईची हालचाल सुरू झाली की तीही जागी होते. रात्री गाडी भरायला लागली की पुन्हा झोपमोड. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. तिला ती सलग मिळत नाही. चुलीपाशी भाऊ, आजूबाजूला बैल, ट्रॅक्टर, रात्री पाचटातला साप. धोका हुंगणारा तिचा अमिग्डाला सहा महिने विसावतच नाही. अशा शरीरात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी बिघडते, आणि शिकणं-लक्षात ठेवणं मेंदूच्या ज्या भागाकडे आहे त्यालाच त्याची झळ लागते. शिक्षण हमी पत्रक घेऊन ती जवळच्या शाळेत आलीच, तर वर्गात पेंगते किंवा जरा धक्का लागला की अंगावर येते. आणि शेरा मिळतो, "टोळीवरची आहेत, अशीच असतात." ती अशी नसतात. तिच्या जागी आपलं मूल ठेवलं तर तेही महिन्याभरात तसंच वागेल.

एक गोष्ट घाईने पण ठामपणे सांगायला हवी. काही मुलं बोलता बोलता पाच-दहा सेकंद हरवतात, नजर स्थिर होते, पापण्या फडफडतात, मग जणू काही झालंच नाही असं पुन्हा लिहू लागतात. दिवसातून कितीतरी वेळा. त्यांना 'तंद्रीत असतो' म्हणून चापट बसते. ही फिटचीच एक जात असू शकते आणि ती औषधाने आटोक्यात येते. मोठी फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, दातात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, वेळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. आणि देवऋषाकडे जायचंच असेल तर डॉक्टरांकडून आल्यावर जा.

अशा मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत देशभरासाठी सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट करतं. वाढीतला मागेपणा हाही त्यांच्या तपासणीचाच भाग. मोठ्या माणसाच्या जिवाची घालमेल होत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तोही फुकट. कन्हेरी, काटेवाडी, सणसर, भवानीनगरच्या अंगणवाडीताईंना आणि गुरुजींना एकच विनंती: यंदा पथक येईल तेव्हा वर्गातल्या 'मुद्दाम करणाऱ्या' मुलांना पहिल्या रांगेत उभं करा, आणि गावाबाहेरच्या कोप्यांवरच्या मुलांची नावंही त्याच यादीत घाला.