चिमूटभर मीठ, चमचाभर साखर आणि साऱ्या जगाची मेहनत

पावसाळा लागला की पाणी गढूळ होतं, माश्या वाढतात आणि घरोघरी लेकरांना जुलाब लागतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या वर्षभराच्या नातीला असेच जुलाब लागले. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "पाणी पाजू नका, पाजलं की परत होतं." सकाळपासून दुपारपर्यंत लेकराला थेंब दिला नाही. आशाताई आल्या तेव्हा पोर मलूल पडलेलं, डोळे खोल गेलेले, रडायला डोळ्यांत पाणी नाही. ताईंनी पिशवीतून जलसंजीवनीचं पाकीट काढलं, लिटरभर पाण्यात कालवलं आणि आजीला चमच्याचमच्याने पाजायला बसवलं. गाडी येईपर्यंत आणि दवाखान्यात पोचेपर्यंत वाटेतसुद्धा पाजणं चालू होतं. नात वाचली.

पुढच्या बैठकीत हाच विषय निघाला. एकीने विचारलं, "जुलाब होत असताना पाणी द्यायचं, हे उलटंच नाही का? आणि हे पाकीट शोधलं तरी कोणी?" आज आपण त्याबद्दलच बोलणार आहोत.

जुलाब लागलेलं लेकरू म्हणजे तळाला भोक पडलेला माठ. भोक बुजायला दोन-चार दिवस लागतात. तोवर वरून पाणी ओतणं बंद केलं तर माठ रिकामाच होणार. जुलाबाने मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्याने. पण नुसतं पाणी पाजून ते पुरतं भरून निघत नाही, नुसतं मीठ दिलं तरी आतड्यात नीट शोषलं जात नाही. मिठाच्या जोडीला योग्य प्रमाणात साखर असली, तर साखर मिठाला हाताला धरून आतड्यातून आत नेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे काम थांबत नाही. म्हणून हे पाणी द्यायचं.

हे साखर-मिठाचं नातं अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली युरोपातल्या प्राग शहरात एका परिषदेत मांडलं. त्याच सुमारास ढाक्यात पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झाली होती. ढाका तेव्हा पूर्व पाकिस्तानात होतं. तिथे काम करणाऱ्या डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकी डॉक्टरांनी स्थानिक सहकाऱ्यांबरोबर १९६८ मध्ये दाखवून दिलं, की पटकीच्या रुग्णाला मीठ-साखरेचं पाणी मोजून पाजलं तर शिरेतून द्यावं लागणारं सलाईन खूपच कमी लागतं. कलकत्त्यातले डॉक्टरही याच वाटेने काम करत होते. तरीही बऱ्याच डॉक्टरांना वाटायचं, की हे दवाखान्यात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच जमेल. घरच्या बाईला काय जमणार?

याचं उत्तर १९७१ साली मिळालं. पूर्व पाकिस्तानातल्या युद्धामुळे सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पश्चिम बंगालमध्ये सीमेवरच्या बनगाव इथे छावण्यांत पटकी पसरली. दवाखान्यात माणसं जमिनीवर पडलेली, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. त्यांनी ठरवलं, की आता पाजायचंच. कलकत्त्यात ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला. बनगावला तो पाण्यात कालवून पिंपांत ठेवला. पिंपातलं पाणी काढून पाजायचं काम कोणी केलं? रुग्णाच्या आईने, बहिणीने, घरच्या माणसांनी. आधी तिथे शंभरातले तीसएक रुग्ण दगावत होते. या पाण्यावर ठेवलेल्यांमध्ये ते प्रमाण शंभराला चारच्याही खाली आलं.

जागतिक आरोग्य संघटनेतले डॉ. धीमान बरुआ यांनी बनगावला जाऊन हे काम पाहिलं आणि पुढे जगभर त्याचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला आणि युनिसेफने पाकिटं देशोदेशी पोचवली. भारत सरकारने डॉ. महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिला, तो २०२३ साली. म्हणजे प्रागमधला विचार, ढाका-कलकत्त्यातले प्रयोग आणि बनगावच्या छावणीतला अनुभव, हे सगळं एका पाकिटात आहे.

पण मैत्रिणींनो, पाकीट तयार झालं म्हणजे काम संपलं नाही. ते घराघरांत कसं पोचणार? बांगलादेशात 'ब्रॅक' नावाच्या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं खेडोपाडी बायका पाठवल्या. त्या घरात बसून आईला शिकवायच्या : तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. नुसतं सांगायच्या नाहीत, आईच्या हातून करून घ्यायच्या. महिन्याभराने दुसरं माणूस येऊन विचारायचं, आणि आईला किती आठवतं त्यावर शिकवणारीचा मोबदला ठरायचा. अशा रीतीने एक कोटी वीस लाखांवर घरं पूर्ण झाली.

सुरुवातीला मात्र गंमत झाली. आयांना सगळं पाठ असायचं, पण लेकराला जुलाब लागले की पाणी पाजणाऱ्या फारच थोड्या. शोध घेतला तर कळलं, की शिकवणाऱ्यांपैकी अनेकांचाच त्यावर भरवसा नव्हता. त्या स्वतःच्या घरी वेगळंच औषध वापरायच्या. मग त्यांना हे पाणी काम कसं करतं ते नीट समजावलं. बाजारात, मशिदीत पुरुषांशीही बोलणं सुरू केलं, कारण घरात निर्णय एकट्या आईचा नसतो. आपल्या घरातही तो नसतो, हे आपल्याला ठाऊक आहेच.

१९८० च्या सुमारास जगात अतिसाराने दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४६ लाख मुलं दगावत होती. आज तो आकडा साडेचार लाखांच्या आत आहे. स्वच्छ पाणी, संडास, लसी, सकस आहार यांचाही त्यात वाटा आहे, पण जलसंजीवनीचा वाटा फार मोठा. आणि उरलेली लेकरंसुद्धा कोणाची तरी नातवंडंच आहेत.

आता कामाचं बोलू. वही असेल तर लिहून घ्या.

पाकीट आणलं की त्यावर किती पाणी लिहिलंय ते वाचा. मोठ्या पाकिटाला एक लिटर पाणी लागतं. अर्धं पाकीट, अर्धं पाणी असं करू नका. पाणी उकळून गार केलेलं घ्या. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. चव घेऊन बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने पुन्हा द्या. अंगावरचं दूध बंद करू नका, खाणंही थांबवू नका. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले तरी. मात्रा आशाताईंना विचारा. दुकानातली गोड पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे, त्यांत साखर जास्त असते आणि जुलाब वाढू शकतात.

मूल मलूल झालं, पीत नसेल, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसली, तर घरी थांबू नका. पाजत पाजत दवाखाना गाठा.

आमची तुम्हाला एकच विनंती. या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की मध्ये पातेलं ठेवा आणि प्रत्येकीच्या हातून हे पाणी करून घ्या. सासूबाईंना बोलवा, घरातल्या पुरुषांनाही बसवा. इतक्या देशांतल्या माणसांनी मिळून हे पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत आणून दिलं. उंबऱ्यापासून लेकराच्या तोंडापर्यंतचं अंतर मात्र आपल्यालाच कापायचं आहे. पुढच्या वेळी "पाणी पाजू नका" असं कोणी म्हणालं, तर तिथे आपल्यातली एक तरी बाई उभी असू दे.