चूक कोणाची? हिरोशिमाच्या शिलालेखातला न लिहिलेला कर्ता

हिरोशिमाच्या शांती उद्यानात अणुबॉम्बच्या बळींचे स्मारक आहे. १९५२ साली उभारलेल्या या स्मारकावर मृतांना उद्देशून एक वाक्य कोरले आहे. आशय असा की शांतपणे झोपा, ती चूक पुन्हा करणार नाही. पण कोण करणार नाही? जपानी वाक्यात कर्ताच नाही आणि क्रियापदावरूनही तो कळत नाही.

त्याच वर्षी टोकियो युद्धगुन्हे खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल तिथे गेले आणि संतापले. बॉम्ब जपान्यांनी टाकला नव्हता, मग चुकीची कबुली त्यांनी का द्यावी? महापालिकेचे स्पष्टीकरण असे, की कर्ता म्हणजे अखिल मानवजात.

जपानमधली शांततेची भाषा पुष्कळदा अशीच असते. १५ ऑगस्टला तिथे 'पराभव' नव्हे, 'युद्धसमाप्ती' म्हणतात. युद्ध जणू वादळासारखे आले आणि ओसरले. या संदिग्धतेमुळेच शांततेच्या नावाखाली परस्परविरोधी मतांची माणसेही एकत्र उभी राहू शकली. युद्धाचा त्याग करणारे, १९४७ पासून लागू असलेले राज्यघटनेचे नववे कलम अजून एका शब्दानेही बदललेले नाही.

चीन आणि कोरियात मात्र 'चूक कोणाची' हा प्रश्न सुटत नाही. बॉम्बने हिरोशिमातले हजारो कोरियनही मारले. त्यांचे स्मारक १९७० मध्ये झाले, तेही उद्यानाबाहेर. ते आत यायला १९९९ उजाडले.