मुक्तांगण आणि दारू सुटल्यानंतरचा एकटेपणा

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. लेखक अनिल अवचट यांचे गर्द या अमली पदार्थाविषयीचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभारले आणि १९९७ मध्ये निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहिली. गर्दसाठी उघडलेल्या या दारातून दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले.

निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. सुरुवातीला हात थरथरतात, झोप उडते, कधी भास होतात, फिटही येते. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडणे जिवावर बेतू शकते, ते याचमुळे. हा टप्पा औषधांनी निभतो. कठीण असते ते पुढचे. दारूबरोबर बैठकीतले सोबती सुटतात, संध्याकाळ खायला उठते आणि घरची माणसे तर आधीच दुरावलेली असतात.

मुक्तांगणने या रितेपणालाच हात घातला, हे त्याचे मोठेपण. तिथले अनेक समुपदेशक स्वतः व्यसनातून उठलेले आहेत. थापा, शरम, बायकोच्या दागिन्यांची चोरी यांपैकी काहीच त्यांना नवे नसते, त्यामुळे गटात बसलेला माणूस हळूहळू बोलू लागतो. ‘सहचरी’ गटात रुग्णांच्या पत्नी एकमेकींना भेटतात. त्यांचे एकटेपण नवऱ्याच्या एकटेपणाहून जुने असते. घरी गेल्यावर फॉलोअप असतो, व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे होतात.

पण कोकणातल्या महाड-पोलादपूरच्या माणसासाठी हाच फॉलोअप अवघड. पुण्याला जाणारा वरंध घाट पावसाळ्यात वरचेवर बंद असतो. वाडीतली तरणी माणसे मुंबईला. उरलेल्यांत हळदीच्या रात्री किंवा शिमग्याला आग्रह करणारेच पुष्कळ. अशा वेळी जवळपास अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मीटिंग असेल तर मोठा आधार. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेत फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट.

या मुलखाला वारकरी पंथाचीही वाट आहे. माळ घातलेल्याला कोणी ग्लास पुढे करत नाही. हरिपाठ, एकादशी, गावचा सप्ताह यांनी संध्याकाळ भरते, आणि काल झिंगून पडणाऱ्यालाही टाळ देऊन रांगेत उभे केले जाते. औषधोपचार माळेने होत नाही, पण घाटापलीकडून उपचार घेऊन परतलेल्याला रोजची सोबत गावातच मिळते.