पैनगंगेच्या दोन काठांवरचा आधार : मेंदूतील गाठ आणि आदिलाबादची मराठी कुटुंबे

ब्रेन ट्यूमर, म्हणजे मेंदूत किंवा त्याच्या आवरणात पेशींची अनियंत्रित वाढ होऊन बनलेली गाठ, हा आजार ज्या अवयवाने माणूस बोलतो, आठवतो आणि निर्णय घेतो त्यालाच ग्रासत असल्यामुळे, उपचारांची माहिती मिळवण्याचे आणि ती समजून घेण्याचे काम बहुधा घरच्यांवर येऊन पडते. हे काम कुठेही सोपे नसते. आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत मात्र त्याला पैनगंगेवरील राज्यसीमेची एक वेगळीच अडचण जोडली गेली आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे आजच्या महाराष्ट्राकडे, गेले व उरलेला जिल्हा तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, म्हणजे आजच्या तेलंगणात, राहिला. परिणामी, आज बेला, जैनद, तामसी या मंडलांत मराठी बोलली जात असली तरी तेथील रुग्णाचे सरकारी हक्क तेलंगणाच्या कागदावर आहेत आणि त्याला वाचता येईल अशी माहिती मात्र महाराष्ट्रात तयार होते.

सकाळी अधिक जाणवणारी आणि दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, उलट्या, नजर अंधूक होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा मोठ्या वयात प्रथमच फीट येणे ही गाठीची लक्षणे असू शकतात. फीट आल्यावर कांदा हुंगवण्यात आणि अंगात आल्याच्या समजुतीने देवऋषीकडे जाण्यात अजूनही मोलाचा वेळ जातो. आदिलाबादमधील रिम्स, म्हणजे 2008 पासून चालू असलेले राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे सरकारी रुग्णालय, हा तपासणीचा जवळचा टप्पा होय. एमआरआयमध्ये दिसणारी प्रत्येक गाठ ट्यूमरच असते असे नाही, कारण मेंदूतील क्षयाची गाठ किंवा पट्टकृमीच्या अळीमुळे होणारी सूजही आपल्या देशात बऱ्याच वेळा तशीच दिसते. कुटुंबे पहिल्याच भेटीत ‘कितवी स्टेज?’ असे विचारतात. परंतु मेंदूतच उगम पावलेली गाठ सहसा शरीरात इतरत्र पसरत नसल्याने डॉक्टर स्टेजऐवजी 1 ते 4 अशी ग्रेड, म्हणजे पेशींच्या आक्रमकतेची प्रत, सांगतात. ही प्रत गाठीचा तुकडा तपासल्यावर, म्हणजे बायोप्सीनंतरच निश्चित होते. म्हणूनच ऑपरेशनचा कागद, एमआरआयची सीडी आणि तुकडा जतन केलेला मेणाचा ब्लॉक यांची चौकशी सुरुवातीलाच करून ठेवावी, कारण दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर प्रथम याच वस्तू मागितल्या जातात.

ऑपरेशन आणि त्यानंतर लागल्यास रेडिएशन, ज्याला बोलीत ‘शेक’ म्हणतात, यांसाठी नागपूर सुमारे 200 किलोमीटरवर तर हैदराबाद सुमारे 300 किलोमीटरवर आहे. भाषा आणि नातेवाईक पाहून मन नागपूरकडे ओढ घेते, पण महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्या राज्यातील कुटुंबांसाठी आहे. तेलंगणाची आरोग्यश्री योजना, जी 2007 मध्ये अविभाजित आंध्रात सुरू झाली आणि जिची उपचारखर्चाची मर्यादा डिसेंबर 2023 मध्ये 10 लाख रुपये करण्यात आली, तिच्या आधारे हैदराबादचे निम्स रुग्णालय आणि रेड हिल्स भागातील सरकारी एमएनजे कर्करोग संस्था हे मार्ग खुले होतात. आयुष्मान भारत योजनेत परराज्यातील उपचारांची सोय असली तरी ती पात्र कुटुंबांना आणि योजनेतील रुग्णालयांतच मिळते, म्हणून भरती होण्याआधीच तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारणे शहाणपणाचे ठरते. भरतीनंतर केलेली धावपळ बहुधा व्यर्थ जाते.

माहितीचा झरा मात्र मुंबईत आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाशी निगडित ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया रुग्ण व कुटुंबीयांना एकत्र आणते, तर जासकॅप ही संस्था कर्करोगाविषयीच्या माहितीपुस्तिका मराठीतही काढते. उपचारासाठीही मुंबई गाठायची झाल्यास आदिलाबादहून नंदिग्राम एक्स्प्रेस थेट तेथे जाते, आणि कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी प्रवास करताना रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर स्लीपर वर्गात संपूर्ण व सोबत्याला 75 टक्के भाडेसवलत मिळते. ही सवलत कर्करोगासाठी असल्यामुळे साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठीच्या रुग्णाने ती गृहीत धरू नये. परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही परगावच्या रुग्णांची जुनी उतरण्याची ठिकाणे आहेत.

रुग्ण घरी परतल्यावर खरी परीक्षा सुरू होते. शांत माणूस चिडखोर होतो, नावे विसरतो, आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. प्रत्यक्षात बरेचदा तो आजाराचा किंवा सूज उतरवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडचा परिणाम असतो. हे स्टेरॉइड आणि फीटची औषधे बरे वाटले म्हणून अचानक बंद करणे धोक्याचे असते. ताण असह्य झालेल्या सोबत्यासाठी टेलि-मानस ही मोफत सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर आहे. गाठीमुळे कायमचे अपंगत्व आल्यास 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. वेदना व त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह सेवा एमएनजेत मिळते आणि ती उपचार चालू असतानाच मागता येते. तीव्र वेदनांवरील मॉर्फिन मिळणे सुलभ व्हावे म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.