पहिल्या दोन सेकंदांतली खडखड

"बॉनेट गरम आहे," मिस्त्री म्हणाले आणि चावी मालकांच्या हातात परत ठेवली. गाडी अजून चालूसुद्धा केली नव्हती. बारा वर्षांची, पेट्रोल, ऑटोमॅटिक. बायकोचा गुडघा क्लच दाबायला नकार देतो, म्हणून सेकंडहँड ऑटोमॅटिक शोधत आम्ही नाशिकहून निफाडला आलो होतो.

"तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून ठेवली," मालक म्हणाले.

"तेच नको होतं, दादा. उद्या पहाटे येतो. तोवर स्टार्टर मारू नका."

खरं सांगायचं तर मला रागच आला. डिसेंबरात पहाटे साडेपाचला निफाड म्हणजे चेष्टा नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा सात अंशांवर उतरला होता, द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर येत होता. मिस्त्रींनी बॉनेटवर तळहात ठेवला, गार लागल्यावर समाधानाने मान हलवली आणि मला म्हणाले, "आता बोलू नका. फक्त ऐका."

चावी फिरली. खर्रर्र! जेमतेम दोन सेकंद. पत्र्याच्या डब्यात सायकलची चेन घालून हलवावी तसा आवाज. तो थांबला आणि त्याच्याखालून बारीक टिक-टिक-टिक वर आली.

झालं होतं ते असं. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिनातलं ऑइल ओघळून तळाच्या चेंबरमध्ये जमा होतं. वरच्या भागात उरतो तो फक्त पातळसा ओलावा. चावी फिरवल्यावर पंप ते ऑइल फिल्टरमधून, बारीक बारीक वाटांनी पार डोक्यापर्यंत चढवतो, आणि त्याला क्षणभर लागतो. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच गाड्यांमध्ये ऑइलच्याच दाबावर चालतो. ऑइल पोहोचेपर्यंत चेन सैल, म्हणून खडखड. फिल्टरच्या तोंडाशी रबराची एक चकती असते. तिचं काम एवढंच की, रात्री वाटांमधलं ऑइल मागे ओघळू द्यायचं नाही. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये ती कडक झाली की रोज सकाळी ही खडखड. काहीशे रुपयांचा फिल्टर बदलून आवाज गेला तर ठीक. दोन सेकंदांचे पाच-सात झाले, तर चेन किंवा टेन्शनर झिजलाय.

पण ऑइल तिथे पोहोचून नेमकं करतं काय? 'धातू बुळबुळीत करतं' हे उत्तर मला शाळेपासून पुरत होतं. इंग्लंडमध्ये १८८३ साली बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांची बेअरिंग तपासत होता, त्यालाही बहुधा पुरत असावं. त्याने तेल सोडायला बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून उसळून बाहेर येऊ लागलं. त्याने बूच मारलं. तेलाने बूच ढकलून दिलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. फिरता आस स्वतःच तेलाला अरुंद फटीत ओढून नेत होता आणि तिथे इतका दाब तयार होत होता की, सगळं वजन तेलानेच उचलून धरलं होतं. पुढे १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. पावसात भरधाव गाडीचा टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, त्यामागेही हीच किमया. म्हणजे नीट चाललेल्या इंजिनात क्रँकची बेअरिंग धातूवर टेकलेलीच नसतात. काही मायक्रॉन जाडीच्या ऑइलवर ती तरंगतात, आणि आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. झीज होते ती हे तरंगणं सुरू व्हायच्या आधी. डब्यावरच्या '५डब्ल्यू-३०'मधला डब्ल्यू विंटरचा, तो याच घटकेसाठी.

आता उरलेली टिकटिक. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनाच्या माथ्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग मला दिला. अरे बापरे! बाहेर सगळा एकच गोंगाट होता, आत मात्र प्रत्येक जागेचा सूर वेगळा. "मोजा," ते म्हणाले. मोजायचं ते असं : क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. आठशे आरपीएमला क्रँक सेकंदाला सुमारे तेरा वेळा फिरतो आणि झडप उघडणारा एक टॅपेट साडेसहा-सात वेळा वाजतो. हे ठोके सुटे ऐकू येतात. तेराच्या चालीने, खालून, जड 'ठक ठक' आली असती तर क्रँकची बेअरिंग गेली समजून आम्ही तिथूनच चहाला गेलो असतो.

पिस्टनचाही असा एक पहाटेचा आवाज असतो. गार पिस्टन पूर्ण गोल नसतोच. तो मुद्दाम किंचित लंबगोल घासलेला असतो. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून गरम झाल्यावर तो गोल होईल अशा बेताने कारखान्यात आधीच वाकडा केलेला. तोवर तो सिलिंडरच्या भिंतीवर आपटत राहतो. त्या सिलिंडरच्या कॉइलची पिन क्षणभर काढली की ठिणगी बंद, धक्का बंद, आवाजही दबतो. टॅपेटला मात्र पिन काढल्याने फरक पडत नाही. आमची टिकटिक पिनेला दाद देईना, आणि चार मिनिटांत आपोआप विरली.

"इंजिन चांगलंय," मिस्त्री म्हणाले. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग त्यांनी ब्रेक दाबून लिव्हर डीमध्ये टाकला. काहीच नाही. एक... दोन... आणि मग धप्प करून गाडी पुढे सरकली.

हायवेच्या चढावर पेडल दाबलं तर काटा साडेतीन हजारांवर चढला, वेग होता तिथेच. इंजिन पळतंय, गाडी नाही. यालाच स्लिप म्हणतात, आणि गंमत म्हणजे तिला आवाज नसतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये आधी तेलच असतं. समोरासमोर दोन पंखे ठेवा, एक चालू केला की दुसरा वाऱ्याने फिरतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला. ही युक्ती हेर्मान फ्योटिंगर या जर्मनाने १९०५ मध्ये पेटंट केली, तीही जहाजांसाठी. इथे थोडं घसरणं रीतसरच असतं. त्याच्या मागे गिअर धरणाऱ्या प्लेटांचे गठ्ठे : एक पोलादी, एक अस्तराची, पुन्हा पोलादी. त्यांना एकमेकींवर दाबतो तो तेलाचाच दाब. इंजिनात दोन धातूंना भेटू न देणारं तेल इथे भेट घडवून आणतं! दाब अडवून धरणारी रबरी सीलं वयाने कडक होतात, थंडीत आणखी आखडतात, दाब गळतो, म्हणून ते 'एक... दोन...'. ऊब मिळाली की सीलं मऊ पडतात आणि गाडी शहाण्यासारखी वागते. आदल्या दिवशीच्या गरम बॉनेटचा अर्थ मला तेव्हा लागला.

प्लेटांचं अस्तर कशाचं असतं, माहीत आहे? कागदाचं. राळेत मुरवलेला, कागदाच्या जातीचा तंतुमय लगदा. शेकडो किलो वजन हा तेलात बुडालेला कागद ओढतो. बाइकवाल्यांना हे ओळखीचं वाटेल : त्यांचा क्लचही बहुधा तेलातच बुडालेला, म्हणून डब्यावर 'जेएएसओ एमए' बघायचं. गाडीचं जास्त बुळबुळीत ऑइल घातलं की बाइकचा क्लच सुटायला लागतो.

सगळ्याच ऑटोमॅटिकना स्लिपचा हा नियम लावू नका मात्र. सीव्हीटीत आरपीएम आधी चढतं आणि वेग रबर ताणल्यासारखा मागून येतो. तो तिचा स्वभाव. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटीत साधी कोरडी क्लच प्लेटच असते, फक्त पाय यंत्राचा. आणि साध्या गिअरच्या गाडीत हळू चालीत चौथा टाकून क्लच सोडा : इंजिन गचकून बंद पडायला हवं. आरामात फिरत राहिलं, तर प्लेट गेली.

परत आलो तोवर गिअर लोण्यासारखे पडत होते. मालकांचा चेहरा उजळला. मिस्त्रींनी इंजिन चालूच ठेवलं, लिव्हर पीमध्ये टाकला आणि गिअरबॉक्सची डिपस्टिक उपसली. आधी नाकाशी नेली. मग मागच्या सीटवरचा पेपर पसरून त्याच्यावर तिचं टोक टेकवलं. तेल लाल हवं होतं. डाग चहाच्या रंगाचा पडला, जळका वास मलाही आला. डाग पसरत गेला तसे त्याच्यात काळे बारीक कण उरले. मी ते बोटावर घेतले. खरखरीत नव्हते, चिरडल्यावर मऊ पडले.

"हा बघा कागद," मिस्त्री म्हणाले.