माहेर पडद्यावरचं आणि सातबाऱ्यावरचं

१९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला. अलका कुबल यांच्या सोशिक लेकीसाठी गावोगावच्या बायका ढसाढसा रडल्या. तेव्हा लग्न झालेल्या मुलीचा माहेरावरचा हक्क पहिलं बाळंतपण, भाऊबीज आणि साडीचोळीपुरताच मानला जाई. वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हिस्सा मुलग्यांनाच. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलींनाही तो दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून! म्हणजे सिनेमागृहात डोळे पुसणाऱ्या त्या सासुरवाशिणी कायद्याच्या बाहेरच राहिल्या. हा सरळसरळ अन्याय होता. केंद्राच्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट गेली. तरी माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही आहेत.