एक-चौदाचा उतारा आणि संगणक कक्षातील माणसे

गोव्यात पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मामलेदार कचेरीत ‘एक-चौदाचा उतारा’, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा, मागावयास जो गृहस्थ इब्रामपुराहून किंवा साळहून येतो, त्याला संगणकाशी काही कर्तव्य नसते. आणि तरीही ‘सर्व्हर डाऊन’ एवढे दोनच शब्द ऐकून त्याने मुकाट्याने परतीची बस धरावी, अशी कारभाराची रीत होऊन बसली आहे. यंत्रे नवी आली म्हणजे ही रीत आपोआप पालटेल, हा भाबडेपणा होय; कारण आलेल्याला समजावून सांगणे हे यंत्राचे नव्हे, माणसाचे काम आहे, आणि हा धडा जुनाच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र बसले, तेव्हा त्याचा उपयोग संस्थेबाहेरचे संशोधकही करू लागले. आणि छिद्रित कार्डांचा गठ्ठा घेऊन आलेल्या परक्या माणसाला त्याची चूक समजावून देणे हे यंत्र चालविण्याहून निराळे काम आहे, हे अशा केंद्रांत लवकरच ध्यानात येते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. पोर्तुगीज अमदानीतल्या दस्तऐवजांत नाईक हे आडनाव ‘के’ने नव्हे, तर क्यू-यू-ई या तीन अक्षरांनी संपलेले आढळते, आणि शेट याचा आरंभ ‘एक्स’ने होतो. आजचा कारकून सरावाने ‘एस-एच’ टंकतो, पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि ज्याच्या आज्याने ती बागायत लावली त्यालाच ‘तुमच्या नावे नोंद नाही’ असे ऐकावे लागते. कारकून म्हणतो, दोष सॉफ्टवेअरचा. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, दोष नोंदीचा. दोघांचेही अर्धे खरे! अशा वेळी सर्व्हे क्रमांक, तारीख आणि अक्षरन् अक्षर स्पेलिंग यांसह तक्रार नोंदवून घेणारा जाणता मनुष्य खिडकीशी असेल, आणि ती नोंदवही रोज सॉफ्टवेअर सांभाळणाराच्या मेजावर जात असेल, तर दोन्ही रूपे एकत्र शोधणारी सोय करणे मुळीच अवघड नाही. परंतु या खिडकीवर नेमणूक होते ती बहुधा सर्वांत नवख्या उमेदवाराची.

सॉफ्टवेअर सांभाळणारानेही, आवृत्ती बदलण्यापूर्वी जुनीची प्रत राखून, काय बदलणार हे खिडकीवाल्यास आगाऊ कळवावे. आणि नवी आवृत्ती डिचोलीत बुधवारी व पेडण्यात गुरुवारी तरी चढवू नये, कारण बाजाराच्या दिवशीच गावोगावची माणसे कचेरीचे काम उरकून घेतात.